अक्का, तुझा आवाज मी बंद केला होता

अक्का,

तुला माती देऊन आज बारा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी रडले, जेवले, झोपलेसुद्धा. भेटायला आलेल्यांशी शहाण्यासारखी बोलले. कुणी "सुटल्या बिचाऱ्या" म्हटलं की मान हलवली. फक्त तुझ्याशी बोलायचं धाडस झालं नाही. आज बोलते, कारण जे बोलायचंय ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

सरळच सांगते. आपल्या शेवटच्या गुरुवारी तू कॉम्प्युटरवर माझ्यासमोर बसली होतीस, तेव्हा मी तुझा आवाज बंद केला. चुकून नाही, लाइट गेली म्हणूनही नाही. माझ्या हातानं, बटण दाबून. त्यानंतर अर्धा-पाऊण तास तू हातानं काहीतरी सांगत राहिलीस आणि मी माझ्या वहीत लिहिलं, 'अस्वस्थ. एकच हातवारा पुन्हा पुन्हा.' तू काय सांगत होतीस ते मला तू गेल्यावर कळलं. तेही दुसऱ्याकडून.

तू माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू कबनूरला तुझ्या संसारात होतीस, विजू पदरात, घराला लागून चार यंत्रमागांची शेड. मला हाताला धरून आणलंस आणि दाजींना म्हणालीस, "ही आता हितंच ऱ्हाणार." विचारलं नाहीस, सांगितलंस. दाजी देवमाणूस. त्यांनी मान डोलावली आणि ते मागावरची सुताची कांडी बदलायला वळले. मी त्या खडखडाटात सुताच्या पोत्यांवर बसून पाढे पाठ केले. माग चालू असताना कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळा कारभार हातांनी चालायचा. सूत संपलं, जेवायला चला, पावणं आल्यात, सगळं हातानं. तू त्यात पटाईत. दाजींशी तुझी भांडणंसुद्धा हातानंच व्हायची आणि बहुतेक वेळा तूच जिंकायचीस.

पुढं मी मानसशास्त्र शिकले, कोल्हापुरात समुपदेशक झाले, तर तुला ते काही केल्या पटेना.

"म्हंजे तू नेमकं करतीस काय?"

"लोकांशी बोलते, अक्का."

"आन?"

"ते बोलतात, मी ऐकून घेते."

"आन मग?"

"मग त्यांना जरा बरं वाटतं."

"बोलून काय हुतंय गं सुमे? हात चालला पायजे माणसाचा."

पंधरा-सोळा वर्षं आपला हा वाद चालला. दर दिवाळीला, दर उरसाला, जेवणाच्या ताटावर. मी पुस्तकातली उदाहरणं द्यायची आणि तू भाकरी थापत म्हणायचीस, "बरं बरं, तुझं खरं." त्या 'तुझं खरं'चा मला काय राग यायचा! एकदा तर मी ताटावरनं उठले होते. तू मागनं आलीस, माझ्या हातात उरलेली भाकरी दिलीस आणि परत चुलीकडं गेलीस.

दाजी गेल्यावर तीन-चार वर्षांनी तू विसरायला लागलीस. दूध तापलं का, हे तासाभरात चारदा विचारायचीस. दाजींच्या चपला शोधत दारात उभी राहायचीस. मी तुला कोल्हापुरात डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी सांगायचं ते सांगितलं. विजू आणि तुझी सून शोभा हबकून गेले, पण मी नाही. मी जाणकार ना! विसरणाऱ्या माणसांचा गट मी तेव्हा चालवतच होते. आधी एका हॉलमध्ये जमायचो. पण कुणी रस्ता चुकायचं, कुणाला रिक्षातून उतरायचीच भीती वाटायची, कुणाची सून म्हणायची, ताई, आम्हाला दर आठवड्याला जमत नाही. मग लक्षात आलं की यातल्या काही घरांत परदेशी गेलेल्या पोरांनी आईबापांसाठी कॉम्प्युटर आणि वर कॅमेरा बसवून दिलाय. एक प्रोग्रॅम मिळाला, त्यात पडद्यावर पाच चौकटी दिसायच्या, चार गटातल्यांच्या आणि एक माझी. कसबा बावड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत बसून मी गट घ्यायला लागले.

आमचा गट म्हणजे काय, तर आधी हजेरी, मग हातांचा व्यायाम. मी हात वर केला की सगळ्यांनी वर करायचा, मी बोटं मिटली की सगळ्यांनी मिटायची. त्यानंतर एखादा विषय. लग्नातलं जेवण, पहिली सायकल, असं काहीबाही. घरच्यांना मी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगायची. 'आठवतंय का?' असं विचारायचं नाही आणि कुणालाही गप्प करायचं नाही. दुसरा नियम तर मी ठासून सांगायची.

गटात चौघं होते. एक कोल्हापुरातले निवृत्त मास्तर, त्यांना पोराचं नाव आठवायचं नाही पण हजेरीला 'उपस्थित' म्हणायचं कधी चुकायचं नाही. गडमुडशिंगीचे तात्या, शेजारी त्यांची सून. पुण्याच्या काकू, शेजारी त्यांची मुलगी. आणि तू.

तुला गटात आणणं म्हणजे दिव्य होतं. विजूनं सुताच्या धंद्यासाठी कॉम्प्युटर घेतला होता, त्याची अडचण नव्हती. पण लाइट असली की गल्लीभर मागांचा गोंगाट, आणि भारनियमनात माग गप्प झाले की कॉम्प्युटरही गप्प. शेवटी गल्लीतल्या मागांची सुट्टी गुरुवारी असायची म्हणून मी सगळ्या गटाचा वार बदलून गुरुवार केला. तेव्हा मला माझं केवढं कौतुक वाटलं होतं! बहिणीसाठी वार बदलला म्हणून.

पहिल्याच गुरुवारी तू पडद्याला नाक लावलंस आणि ओरडलीस, "सुमे! तू ह्यात कशी मावलीस गं?" सगळी घरं खो खो हसली. मास्तर म्हणाले, "कबनूरच्या बाई आल्या की शाळा भरल्यासारखी वाटते." चार-सहा महिने गट तुझ्यावर चालला म्हण. पुरणपोळीचा विषय निघाला की तू थापायला लागायचीस, आणि तुझं बघून काकूंचे हात हलायचे.

मग तुझा आवाज वाढत गेला. तात्या बोलत असले तरी तू मधेच सुरू व्हायचीस. मी विचारायची एक, तू सांगायचीस भलतंच. दर महिन्याला मी तुला पाच शब्द सांगून परत म्हणायला लावायची. आधी पाचातले तीन यायचे, मग एक, मग तू नुसतीच माझ्या तोंडाकडं बघत राहायला लागलीस. मी वहीत आकडे लिहीत गेले. एके दिवशी काकूंच्या मुलीचा फोन आला. "ताई, त्या कबनूरच्या बाईंचं काहीतरी करा हो. आई दोन-दोन दिवस घाबरलेली असते."

मी तिला सांगितलं नाही की ती बाई माझी बहीण आहे. लाज वाटली. हो, वाटली, आता लिहूनच टाकते. जिनं मला न्हाऊमाखू घातलं तिची लाज वाटली.

आणि मग तो गुरुवार. माझा गट बघायला त्या दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पसंत पडलं तर असेच गट आणखी गावांत सुरू करू म्हणत होत्या. मी सकाळपासून झाडलोट करत होते, साडीसुद्धा इस्त्रीची. विषय काढला, शाळेचा पहिला दिवस. मास्तर रंगात आले होते आणि तू सुरू झालीस. "सुमे, जेवलीस का? सुमे, वाळलीस गं! अगं सुमे, बोल की!" काकूंनी कान झाकले. डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. माझं डोकं तापलं. मी तुझ्या चौकटीकडं बघून ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "अक्का, थांब की जरा! मला काम करू दे." आणि बटण दाबलं.

तू थांबलीस. माझ्याकडं नीट बघितलंस. मग छातीवर दोनदा हात आपटलास आणि तळवा माझ्या दिशेनं बाहेर ढकललास. मी मास्तरांकडं वळले. पुन्हा बघितलं तर तेच. छातीवर दोनदा, तळवा बाहेर. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "बघितलंत? तीच कृती पुन्हा पुन्हा. आजार पुढं गेलाय." मीही जाणत्या माणसासारखी मान हलवली आणि वहीत लिहिलं. गट संपत आला तेव्हा तुझा हात दमला होता, तरी वर जात होता. मी शोभाला फोन केला. ती आत भाकरी करत होती. "उठव त्यांना," म्हटलं, "आणि थोडे दिवस बसवू नकोस. त्रास होतो." कुणाला होतो ते सांगितलं नाही. ती येईपर्यंत तुझे हात मांडीवर पडले होते.

पुढचे दोन गुरुवार मी तुझ्याविना गट घेतला. छान झाला. सगळे आपापल्या पाळीनं बोलले. तिसऱ्या आठवड्यात तुला ताप भरला, छातीत कफ झाला. मी आले तेव्हा तू डोळे उघडत नव्हतीस. हात हातात घेतला, कानाशी 'अक्का, अक्का' करत राहिले. शनिवारी सकाळी संपलं.

पाचव्या दिवशी शोभा ताटं पुसता पुसता म्हणाली, "मावशी, त्या दोन्ही गुरुवारी बी सासूबाई बसल्या होत्या हं." मला कळेना. ती म्हणाली, "माग बंद झालं की त्यान्ला कळायचं गुरुवार हाय. वेणी घालून घ्यायच्या, चांगलं लुगडं नेसायच्या आन कॉम्प्युटरपुढं जाऊन बसायच्या. मी म्हटलं, आज न्हाय वो, तर म्हणायच्या, सुमी ईल की. बंदच पडद्याकडं बघत बसायच्या जेवणापतुर." मी परसात गेले आणि चूळ भरत उभी राहिले. कितीतरी वेळ नुसती चूळच भरत होते.

तरी खरं अजून पुढंच होतं. नवव्या दिवशी विजूनं माग सुरू केले. किती दिवस बंद ठेवणार? शोभा मागावर गेली, मी शेडच्या दाराशी चहा घेऊन बसले होते. तिची पोरगी पल्लवी दप्तर पाठीवर घेऊन दारात घुटमळत होती. आजी गेल्यापासून तिला शाळा नको झालीय. शोभानं मागावरनं तिच्याकडं बघितलं. छातीवर दोनदा हात आपटला आणि तळवा बाहेर ढकलला. पोरगी जागची हलेना. शोभानं परत तेच केलं. परत. चौथ्यांदा पल्लवीनं नाइलाजानं हात वर केला, मूठ मिटली आणि चालू पडली. शोभा मागाकडं वळली.

माझा चहा तसाच राहिला. मी शोभाला हाताला धरून बाहेर आणलं. "आता काय म्हणालीस तिला?"

"काय म्हणणार? माझं मी बघते, तू जा तुझ्या कामाला, म्हटलं."

"आणि चार-चारदा कशाला?"

"उत्तर दिना की ती! उत्तर आल्याबिगर थांबायचं नसतंय मावशी. मूठ मिटल्याबिगर समोरच्याला कळलं का न्हाय, कसं समजणार?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला म्हाईत न्हाय व्हय? मला तर सासूबाईंनीच शिकवलं."

माहीत नाही कसं, अक्का? नव्वद-एक्क्याण्णव साली मी एम.ए.ला कोल्हापूरच्या होस्टेलवर निघाले, तो दिवस आठव. ट्रंक घेऊन शेडच्या दारात उभी होते. मला वाटत होतं तू माग थांबवावास, स्टँडवर यावंस, लोकांच्या आया रडतात तसं जरा रडावंस. तू तिथनंच हात केलास, छातीवर दोनदा, तळवा बाहेर. मी फुगले आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही. तूही हट्टी. हात करतच राहिलीस. तुझ्या मागावरच्या दोन कांड्या संपल्या, कापडाला खोट पडली, दाजी पलीकडनं हातानं शिव्या घालायला लागले, पण तू माझ्यावरनं नजर काढली नाहीस. शेवटी मी हात वर करून मूठ मिटली. तेव्हा कुठं तू हसलीस आणि मागाकडं फिरलीस.

एवढं सगळं मी विसरले. आपल्या दोघींत विसरण्याचा आजार कुणाला होता, सांग बघू? मी ओठांवर बोट ठेवून 'मला काम करू दे' म्हटलं आणि ते तुला बरोबर समजलं. तू म्हणत होतीस, माझं मी बघते, तू तुझं काम कर. रागानं नाही, समजुतीनं. उत्तर आलं नाही म्हणून परत म्हणत होतीस, आणि त्याला मी लक्षण म्हटलं. वहीत लिहून ठेवलं, वर त्या बाईंसमोर मान हलवली.

त्यानंतर मी ती वही परत काढली. तुझे कान मी एकदाही तपासून घेतले नाहीत गं. चाळीस वर्षं मागांत काढलेली बाई, ओठांवरनं बोलणं ओळखणारी. पडद्यावर तर ओठ आधी हलायचे आणि आवाज मागनं यायचा, चेहरा जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात तू काय ओळखणार होतीस? ते पाच शब्द तू विसरत होतीस की तुला ऐकूच येत नव्हते? तू विसरत होतीस हे खरंच आहे, दाजींच्या चपला खऱ्या आहेत. पण किती विसरत होतीस आणि किती ऐकू येत नव्हतं, हे मी कधी वेगळं केलंच नाही. आता करता येणार नाही. लोकांच्या आईबापांच्या बाबतीत ही चूक कुणी केली असती, तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

आणि आभार मानायचे तर तेही याच तोंडानं मानायचे. मला शाळेत घातलंस, होस्टेलवर धाडलंस, बोलून काय होतंय म्हणत माझ्या गटात येऊन बसलीस. तुझ्या त्या 'तुझं खरं'चा मी राग राग केला. आज वाद संपवते अक्का. तुझं खरं होतं.

आज गुरुवार. बारा दिवसांनी पहिल्यांदा गट घेतला. शोभाला म्हटलं होतं, कबनूरचा कॉम्प्युटर चालू ठेव. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. तुझ्या चौकटीत तुझी रिकामी खुर्ची दिसत होती. मी हजेरी घेतली. मास्तर 'उपस्थित' म्हणाले आणि लगेच विचारलं, "कबनूरच्या बाई दिसत नाहीत?"

इतर वेळी अशा प्रश्नाला मी 'गावाला गेल्यात' म्हणून वेळ मारून नेते. आज नाही नेली. "मास्तर, त्या वारल्या. माझी बहीण होती ती, थोरली."

मास्तरांनी टोपी काढली. तात्यांची सून डोळे पुसायला लागली. काकूंची मुलगी पडद्याच्या बाहेर सरकली. मग मास्तर टोपी घालत, जरा चिडूनच म्हणाले, "अहो, पण त्यांचा आवाज सुरू करा की. केव्हाचा बंद करून ठेवलाय. बोलू द्या त्यांना."

पोराचं नाव आठवत नाही त्या माणसाला, अक्का. पण हे राहिलं लक्षात.

मी खुर्चीतनं उठले, तुझ्या खुर्चीकडं बघितलं, हात वर केला आणि मूठ मिटली. गटाला वाटलं व्यायाम सुरू झाला. मास्तरांनी हात वर करून मूठ मिटली. तात्यांनी मिटली. 'आवाज सुरू करा' ऐकताच कानावर ठेवलेला हात काकूंनी काढून वर नेला आणि बोटं एकेक करून मिटली.

कळलं, अक्का. हात खाली घे आता.